लिविओ एकटाच गेला

‘क्वार’ या बँडवर आता जाडजूड पुस्तकं निघतात. विद्यापीठातली चष्मेवाली मुलं त्यावर प्रबंध लिहितात आणि एकमेकांशी भांडतात. लिविओ सुपेरिनाच्या वाट्याला त्या सगळ्यात मिळून येते दीड ओळ: पहिला ड्रमवाला, पुढे सैन्यात गेला. झालं! जसा काही पठ्ठ्या हौसेने सहलीला गेला होता. लिहिणाऱ्यांनी एकदा जरी त्याच्या दारावरची घंटा वाजवली असती तरी कळलं असतं. पण जिवंत माणसाला विचारायचं सोडून हे कागदच चिवडत बसतात.

रियेकात, तेव्हाच्या युगोस्लावियातल्या आमच्या बंदरात, वर टेकडीवर उंच इमारती आहेत ना, त्यांतल्या शेवटच्या इमारतीत लिविओ शाळकरी वयापासून राहिला. दुसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची आई एरमिनिया. आई कागदाच्या कारखान्यात कामाला. सहा मजले वर डोरियन झुस्तोविच. उंच, काटकुळा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. शेजारच्या इमारतीत बुटका टुलिओ, त्याचा काका कानाचा डॉक्टर. या काकाला लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे. टुलिओच्या कामाला, दुसऱ्या कोणाच्या नाही.

तिघांच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते सत्त्याहत्तर साली. इटलीच्या हद्दीपलीकडे जीन्स आणायला गेलेलं कोणी, जहाजावर असलेला कोणाचा मामा, अशा लोकांबरोबर लंडनच्या पंक गाण्यांच्या तबकड्या यायच्या. तीन सूर, आरडाओरडा, शर्टाला सेफ्टी पिना. एरमिनिया म्हणायची, “हे गाणं आहे होय? मला वाटलं खाली मांजर चिरडलं.” पण पोरं पेटली होती. डोरियनने गिटार घेतली, टुलिओने बास, आणि नगरपालिकेच्या वाजंत्री पथकाने टाकून दिलेला भला मोठा ड्रम लिविओने पाठीवर घालून टेकडीवर आणला. उरलेले ड्रम इकडून तिकडून जमवले. एक तर चक्क लोणच्याचं पिंप होतं.

इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर सगळ्यांची कपडे वाळवायची खोली होती. तिथे तालीम. बायकांच्या ओल्या चादरी दोऱ्यांवर असल्या की आवाज जरा दबायचा, म्हणून ही पोरं वाटच बघायची केव्हा कोणाच्या घरी मोठी धुणी निघतात त्याची. बँडचं नावही इमारतीनेच दिलं. लिफ्ट निम्मे दिवस बंद असायची, आणि राखणदार बार्बा पेपीने दाराला अडकवायला कायमची पाटीच करून ठेवली होती: क्वार. म्हणजे बिघाड. डोरियनने एक दिवस ती पळवली आणि मोठ्या ड्रमवर टांगली. खाली म्हाताऱ्या बायका लिफ्ट चालू समजून बटण दाबत ताटकळल्या, आणि बार्बा पेपी जिन्यात उभा राहून तिघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला.

त्यांचा पहिला कार्यक्रम आजही सांगतात. न पाहिलेलेच जास्त सांगतात. युवक मंडळाचं सभागृह होतं. दुसऱ्याच गाण्याला तिथला व्यवस्थापक घाबरला आणि त्याने वीज बंद केली. गिटार गप्प, बास गप्प, माइक गप्प. पण ड्रमला वीज कुठे लागते? अंधारात लिविओ वाजवतच राहिला. न थांबता, न घाई करता. मग पोरांनी पाय आपटायला सुरुवात केली, डोरियन माइकशिवाय ओरडायला लागला, आणि बाहेर रस्त्यावरून माणसं आत घुसली. त्या एका संध्याकाळनंतर शहरातली प्रत्येक भिंत म्हणत होती: क्वार.

लिविओ त्या दिवशी इतका खुश होता की घरी येऊन त्याने आईला उचललंच. “सोड रे गाढवा, कंबर मोडेल माझी!” एरमिनिया ओरडली. पुढे अनेक वर्षं ती म्हणायची, माझा मुलगा मोठ्याने हसलेला मी तेवढाच पाहिला.

आता शपथेचं सांगतो. सगळा घोळ तिथेच आहे.

अठ्ठ्याहत्तरचा वसंत. रविवारची दुपार. वाळवणाच्या खोलीत तिघं पाव आणि मोर्तादेलाचं सॉसेज खात होते, सोबत सोडा घातलेली पांढरी वाइन. डोरियन म्हणाला, “आपलं घोडं कुठे पेंड खाणार ते सांगू? सैन्यात. आधी मला बोलावणार. सक्तीची नोकरी, मी पंधरा महिने गायब. मी आलो की टुलिओ जाणार. टुलिओ आला की लिविओ. तोवर आपल्याला टक्कल पडलेलं असेल, आणि क्वारचा लागेल निकाल.”

“मग तिघं एकदमच जाऊ की,” टुलिओ तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला. “एकत्र जायचं, एकत्र यायचं.”

डोरियन ताडकन उठला. “अरे वा! डोकं आहे की तुला! सप्टेंबरात तिघांनी स्वतःहून जायचं. घाला हात ड्रमवर. जो मागे फिरेल तो गाढव.”

“गाढव आणि वर एडपट,” टुलिओ म्हणाला.

तिघांचे हात त्या मोठ्या ड्रमवर एकावर एक पडले.  लिविओ बोलायचाच कमी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून तो लष्करी कचेरीत हजर.

तिथला कारकून त्याच्याकडे बघतच राहिला. “काही चुकतंय का पोरा? इथे लोक न जाण्यासाठी येतात.”

“मला सप्टेंबरात जायचंय.”

“मुलीने सोडलं वाटतं?”

“नाही. शब्द दिलाय.”

“बरं बाबा. जा,” म्हणून कारकुनाने शिक्का मारला.

आता तुम्ही म्हणाल, त्याने मित्रांना एकदा विचारायचं तरी होतं. पण आमच्या किनाऱ्यावर ही एक खोड आहे. दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायची नसते. ‘काय रे, गेलास का नाव द्यायला?’ असं विचारणं म्हणजे तोंडावर ‘तुझा भरवसा नाही’ म्हणणं. आमच्याकडे माणसं याच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलायची बंद झाली आहेत. लिविओने विचारलं नाही. ते गेलेच असतील, असं त्याने धरलं. धरलं म्हणजे काय, त्याला दुसरं सुचलंच नाही.

ऑगस्टात त्याचं बोलावणं आलं. तालमीला त्याने तो कागद ड्रमवर ठेवला.  टुलिओ खिडकीबाहेर बघायला लागला. डोरियनने कागद हातात घेतला, खाली ठेवला आणि म्हणाला, “आमचं अजून आलं नाही.”

हे खरंच होतं. न पाठवलेल्या अर्जाला उत्तर कुठून येणार?

सप्टेंबरात स्टेशनवर दोघं त्याला पोचवायला आले. डोरियनने इतकी कडकडून मिठी मारली की लिविओची टोपी खाली पडली. “मागोमाग येतोच रे,” टुलिओ म्हणाला. आणि लिविओ गाडीत बसला.

त्याला पाठवलं पार मॅसिडोनियात, श्तिपला. समुद्र नाही, ओळखीचं कोणी नाही, जेवणात रोज घेवडा. नव्या पोरांना घेऊन लष्करी ट्रक आले की लिविओ हातातलं काम टाकून फाटकाशी जायचा. एक काटकुळा आणि एक बुटका, बस, एवढंच शोधायचा. तिघांना एकाच छावणीत टाकतील असं कोणी कबूल केलं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तरी जायचा. सोबतची पोरं चिडवायची, “सुपेरिना, नवरी येणार आहे का ट्रकमधून?”

हिवाळ्यात आईचा फोन आला. आधी तिने खाणंपिणं विचारलं, मग खोकली, मग म्हणाली, “पोरा, डोरियनने विद्यापीठात नाव घातलंय. शिकणाऱ्यांना नंतर बोलावतात म्हणे. आणि टुलिओचे कान खराब निघाले.”

“कोणी सांगितलं?”

“त्याच्या काकाने. लिहूनच दिलंय.”

बासवाल्याचे कान खराब! पुढे सात वर्षं त्याच कानांनी टुलिओ वाजवत होता, तेव्हा नाही कोणाला खराब वाटले. लिविओने “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. पण आतून तो मित्रांची वकिलीही करत होता. डोरियनच्या आईने धरून बसवलं असेल. टुलिओला काकाने दटावलं असेल. परत गेलो की डोरियन स्वतःच सांगेल: तू शब्द पाळलास, आम्ही नाही पाळला. तेवढं म्हणाला की संपलं. लिविओला दुसरं काहीच नको होतं. ना माफी, ना रडारड. ते एक वाक्य.

वसंतात एक दिवस तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता आणि रेडिओवर क्वार लागलं. ल्युब्ल्यानात जाऊन त्यांनी तबकडी काढली होती. गाणं तेच, लोणच्याच्या पिंपावर लिविओने बसवलेला ताल तोच. फक्त वाजवत दुसरंच कोणीतरी होतं, आणि फार जोरात पळत होतं.

“हा ताल माझा आहे,” लिविओ शेजारच्या पोराला म्हणाला.

“हो का? आणि मी जनरल आहे. सोल बटाटे.”

पंधरा महिन्यांनी तो घरी आला. गुरुवारी तालीम असते हे त्याला माहीत होतं, तो वर गेला. ड्रमवर एडी नावाचा पोरगा बसला होता, केस रंगवलेले, हात विजेसारखे. पोरगा गुणी निघाला. लिविओला बघताच उठून उभा राहिला आणि काठ्या पुढे केल्या. “बस ना, ही जागा तुझीच आहे.”

लिविओ बसला. वाजवायला लागला, अगदी पूर्वी वाजवायचा तसंच, आणि अर्ध्या गाण्यात त्याच्या लक्षात आलं की दोघं त्याच्यासाठी हळू होताहेत. म्हाताऱ्याबरोबर चालताना पाय आखडता घेतात तसं. पंधरा महिन्यांत सगळी दुनियाच भरधाव सुटली होती, आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गाणं संपलं.   शेवटी डोरियन म्हणाला, “दमला असशील. प्रवासाचा शीण आहे.”

लिविओ थांबला. त्याला वाटलं, आता म्हणेल. या घटकेला नाही तर कधी? डोरियन गिटारची तार पिळत राहिला. मग लिविओने काठ्या एडीच्या हातात दिल्या आणि जिना उतरून खाली आला. त्यानंतर तो वर गेला नाही, आणि त्याला बोलवायला खाली कोणी आलं नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी तबकडी, तिसरी तबकडी. झाग्रेबपासून स्कोप्येपर्यंत गावोगाव पोरांनी तळघरात बँड काढले आणि पहिलं गाणं क्वारचं बसवलं. मोठे गायक मुलाखतीत सांगायचे, आम्ही गिटार घेतली ती क्वार ऐकून. पुढे बँड फुटला, मग देशच फुटला, सरहद्दी पडल्या, पण या बाजूची पोरंही तीच गाणी म्हणत आणि त्या बाजूचीही. डोरियन बर्लिनला गेला. जर्मनीतली मुलं आमची टेकडी चढून येत, इमारतीसमोर उभी राहून फोटो काढत, आणि भाजीची पिशवी घेऊन जाणाऱ्या लिविओला म्हणत, “काका, जरा बाजूला व्हाल?” लिविओ बाजूला व्हायचा.

तो बंदरात क्रेनवर लागला. वर काचेच्या खोलीत दिवसभर एकटा. खालचा माणूस हाताने खुणा करणार, हा लोखंड उचलणार, ठेवणार. बोलायचं काम नाही. लग्न झालं नाही. एका मुलीशी जमत आलं होतं, पण ती म्हणाली, “तू कोणाची तरी वाट बघत असतोस, आणि ती मी नाही.” चुकलं नव्हतं तिचं. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण खरी आहे: लिविओ त्या वाक्याची वाट बघत होता. पत्र नाही, निरोप नाही, डोरियनच्या तोंडून.

एकदा डोरियन टीव्हीवर आला. लिविओ आणि एरमिनिया स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाची पालेंता खात होते. डोरियन रंगात आला होता. “आम्ही तिघांनी शपथ घेतली, सगळे एकदम सैन्यात जाऊ! वाइन जरा जास्तच झाली होती. आणि आमचा एक ड्रमवाला होता, तो... अहो, तो खरंच गेला!” मुलाखत घेणारी बाई हसून हसून वाकली. डोरियन थांबून तिचं हसू संपेपर्यंत बघत होता. ही गोष्ट त्याने आधी पुष्कळदा सांगितलेली होती, ते दिसतच होतं.

एरमिनियाने टीव्ही बंद केला. “मेल्याने नावसुद्धा घेतलं नाही.”

“लोकांना हसवायला तसं बोलावं लागतं, आई.”

“तू ना, त्याची बाजू घेतच मरशील,” ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. तिला रडू येत होतं. त्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दोन वर्षांनी एरमिनिया गेली. नंतर त्या घरात लिविओशी बोलणारं कोणी उरलं नाही. रविवारी तो रेडिओ लावून ठेवायचा, नुसता आवाज असावा म्हणून.

मग गेल्या वर्षी दुपारी घंटा वाजली. दारात डोरियन. आईचं घर विकायला आला होता. हातात काठी, गळ्याला मफलर, दोन मजल्यांत धाप लागलेली.

“टक्कल पडलं की रे तुला,” डोरियन म्हणाला.

“तुला केस असून तू कुठे बरा दिसतोस?” लिविओ म्हणाला.

दोघं हसले. लिविओने कॉफी उकळायला ठेवली.  टुलिओला नातवंडं झाली, बार्बा पेपीची आठवण निघाली, एडी कुठे असतो कोणालाच माहीत नाही. कॉफी संपत आली तसा डोरियन गप्प झाला. तो डोरियन, जो कधी गप्प बसत नसे.

“फुप्फुसात निघालंय,” तो म्हणाला. “फार दिवस नाहीत. तसं मी सगळं आवरलंय. एकच गोष्ट खातेय मला. विचारू?”

“विचार.”

“ते शपथेचं. मी जन्मभर गंमत म्हणून सांगितलं. लोक हसायचे. पण आता पडल्या पडल्या मनात येतं, यानं ते खरं धरलं असेल तर? आमच्या एका टवाळीपायी याचं सगळं...” त्याला खोकला आला. डोळे पाण्याने भरले, ते खोकल्याने की कशाने, देव जाणे. “लिविओ, तुला माहीत होतं ना रे, आम्ही थट्टा करत होतो? माहीत होतं म्हण.”

चाळीसहून जास्त वर्षं लिविओने ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे नव्हतं. ते आता येणारही नव्हतं. समोर एक घाबरलेला आजारी माणूस बसला होता, आणि त्याला हवं होतं ते फक्त लिविओ देऊ शकत होता.

“अरे वेड्या,” लिविओ म्हणाला, “माहीत नसायला काय झालं? घरातून निघायचंच होतं मला. वडिलांशी माझं रोजचं भांडण, तुला तर ठाऊकच आहे. तुमचं निमित्त झालं, बस.”

डोरियनने डोळे मिटले. खांद्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं तसा तो मोकळा झाला. “वाटलंच मला,” तो म्हणाला. “तरी मी टुलिओला म्हणायचो. तुझा बाप होताच तापट.”

लिविओचा बाप गोदीत पडून वारला तेव्हा लिविओ अकरा वर्षांचा होता. शपथेच्या कितीतरी आधी. कोझालाच्या दफनभूमीत डोरियन त्याच्या शेजारी उभा होता, दोघांनी मिळून एकच हार धरला होता.

लिविओने तो विषय काढला नाही. “हो,” तो म्हणाला, “तापटच होता.” आणि उरलेली कॉफी त्याने डोरियनच्या कपात ओतली.